काचमणी : तापविणे आणि निवविणे

(ग्रामीण हस्तकला प्रशिक्षणार्थी, शिक्षक व पंचायत कार्यकर्ते यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या घरातील काचेच्या वस्तूंपैकी सर्वांत अधिक काळ माणसाच्या अंगावर राहणारी वस्तू म्हणजे मंगळसूत्रातील काळा मणी होय. काकणे पिचतात आणि बदलली जातात. आरसा भिंतीवर सुरक्षित टांगलेला असतो. तो बारीक मणी मात्र घाम, साबण, चुलीची धग आणि खारा वारा सोसत वर्षानुवर्षे गळ्यात राहतो. तुटतो तो बहुधा दोरा. मणी फुटल्याची तक्रार क्वचितच ऐकू येते. काच ठिसूळ असते हे लहान मूलही जाणते. मग हीच काच मण्याच्या रूपात इतकी टिकाऊ कशी होते, हा प्रश्न ज्याला पडला त्याने या कलेच्या दारात पाऊल टाकले असे म्हणावयास हरकत नाही.

हाताने केलेल्या काचमण्यांचे दागिने करण्याविषयी महिला मंडळे व स्वयंसहायता गट यांच्याकडून विचारणा होत असते. गोव्यासारख्या पर्यटकांच्या राज्यात अशी विचारणा होणे स्वाभाविकच आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि हणजुण्याचा बुधवारचा बाजार यांत मण्यांच्या माळांना गिऱ्हाईक आहे, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. तथापि विचारणा करणारे बहुतेकजण बर्नर कोणता घ्यावा, रंगीत कांड्या कोठे मिळतात, एवढेच विचारतात. मणी झाल्यावर तो कसा निववावा, हे फारसे कोणी विचारीत नाही. या धंद्याचे यशापयश पुष्कळसे त्या न विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते, म्हणून आज त्याचाच विचार विस्ताराने करावयाचा आहे.

प्रथम काच म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. वाळूतील सिलिका हा तिचा मुख्य घटक. शुद्ध सिलिका वितळावयास सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. सोडा घातला की ते पुष्कळ खाली येते, आणि चुना घातला की काच पाण्याने झिजेनाशी होते. सोडा, चुना व वाळू यांची ही काच बाटल्यांत, खिडक्यांत व बहुतेक मण्यांत असते. रंग धातूंच्या संयुगांमुळे येतो. कोबाल्टने गडद निळा, तांब्याने मोरपंखी, मँगनीजने जांभळा, आणि लोखंडाने बाटलीचा हिरवा. सोन्याच्या अत्यल्प अंशाने गुलाबी रंग उतरतो, म्हणून ती कांडी महाग. गोव्याच्या भूमीत लोह व मँगनीज ही दोन्ही खनिजे आहेत, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्यांतील एक काचेला हिरवी करते व दुसरे जांभळी, हे मात्र शिक्षकांनी आवर्जून दाखवावे. काळी काच म्हणून जी आपण पाहतो ती पुष्कळदा खरी काळी नसतेच. अशा मण्याचा पातळ तुकडा सूर्याकडे धरला तर तो गर्द जांभळा किंवा हिरवट दिसतो.

मण्यांचा आपल्या देशाशी असलेला संबंध फार जुना आहे. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे १९४५ साली व्हीलर यांनी उत्खनन केले. काचेची नळी ओढून तिचे तुकडे पाडून केलेले बारीक मणी या बंदराची विशेष ओळख ठरले, आणि त्या जातीचे मणी आग्नेय आशियापर्यंत सापडतात. नेवासे, तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी या सातवाहनकालीन वसाहतींतूनही काचमणी मिळाले आहेत. या विषयाचा व्यासंग करणारे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी पुराविद. त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. नळी ओढण्याची ती जुनी पद्धत तिरुपतीजवळच्या पापानायडूपेट या गावी अगदी अलीकडच्या काळापर्यंत चालत आली. उत्तर प्रदेशात पुर्दिलनगर आणि वाराणसी ही मण्यांची मोठी केंद्रे असून वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

आज ज्या पद्धतीचा विचार करावयाचा ती मात्र नळीची नव्हे, ज्वालेची आहे. एकेक मणी स्वतंत्रपणे सळईवर गुंडाळून करावयाचा. युरोपात या कामासाठी पूर्वी मेजावर तेलाचा किंवा चरबीचा दिवा ठेवीत आणि मेजाखालील भाता पायाने दाबून त्याच्या ज्योतीवर हवेचा झोत सोडीत. म्हणून या कामाला ‘दिव्यावरचे काम’ हे नाव पडले. दिवा गेला, गॅसचा बर्नर आला. नाव मात्र राहिले. इटलीतील व्हेनिस हे या कलेचे माहेरघर. तेथील काच भट्ट्या आगीच्या भीतीने १२९१ साली मुरानो या बेटावर हलविण्यात आल्या, हे प्रसिद्धच आहे. इटली व फ्रान्स या दोन देशांच्या काचमण्यांच्या कलेला २०२० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता प्रत्यक्ष कृती. पोलादाची बारीक सळई घ्यावी. काच तापलेल्या पोलादाला चिकटून बसते, म्हणून सळईचे टोक चिनी माती व अॅल्युमिना यांच्या पातळ राबड्यात बुडवून पूर्ण वाळवावे. हा लेप ओलसर राहिला तर ज्वालेत तो फुगून उडतो आणि मणी सळईवरून सुटतो. पावसाळ्यात आपल्याकडे लेप वाळावयास दुप्पट वेळ लागतो, तेव्हा त्या दिवसांत सळया आदल्या दिवशीच बुडवून ठेवाव्यात.

काचेची कांडी एका हातात, सळई दुसऱ्या हातात. कांडी एकदम ज्वालेच्या मध्यात नेली तर तिचे टोक तडतडून उडते आणि तापलेली कपची हातावर वा मांडीवर पडते. ती ज्वालेच्या दूरच्या टोकाशी आतबाहेर करीत प्रथम शेकावी व मग हळूहळू पुढे आणावी. टोक लाल होऊन गोळा लोंबू लागला की सळईचा लेप दिलेला भाग ज्वालेखाली नुसता तांबूस होईतो तापवावा, गोळा त्याला टेकवावा आणि सळई स्वतःपासून दूर फिरवीत काच तिच्यावर गुंडाळून घ्यावी. येथून पुढे सळई थांबता कामा नये. वितळलेली काच मधासारखी असते. थांबली की खाली ओघळते. सारखी फिरत राहिली की पृष्ठताणाने ती आपोआप गोल होते. मणी गोल करणारी शक्ती काचेतच असते. कारागिराने फक्त तिच्या आड येऊ नये आणि सळई एका गतीने फिरवावी. ही साधी दिसणारी गोष्ट हातात बसावयास कित्येक दिवस लागतात.

मण्याची दोन्ही टोके कशी आहेत हे नवशिक्या पाहत नाही. जाणकार गिऱ्हाईक प्रथम तेच पाहतो. काच सळईवर पुरेशी न पसरता टोकाशी पातळ पापुद्र्यासारखी राहिली तर तेथे धार येते. ती धार दोरा कापते, गळा ओरखडते आणि तडा जाण्यास तेथूनच आरंभ होतो. चांगल्या मण्याचे टोक किंचित आत वळलेले, बशीसारखे असते. त्यानंतर ठिपके, रेघा, पाने, एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर, आतले फूल असा नक्षीचा सारा प्रपंच येतो. तो पुस्तक वाचून शिकता येत नाही. कसलेल्या हाताशेजारी बसून पाहावा लागतो. एवढे मात्र सांगता येईल की ज्वालेत प्राणवायू कमी पडला तर काही रंग काळवंडतात, विशेषतः तांब्यावर बेतलेले. मोरपंखी मण्यावर तांबूस, मळकट साय दिसली तर दोष बहुधा कांडीचा नसून ज्योतीचा असतो.

मणी झाला, पाहणाऱ्यांनी कौतुक केले, पण काम संपले नाही. खरे पाहता मण्याच्या आयुष्याचा निर्णय यानंतरच्या काही तासांत होतो.

तापलेला मणी उघड्या हवेत ठेवला तर त्याचा बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो. आतली काच अद्याप गरम असते. तीही पुढे निवते व आकसू पाहते. पण बाहेरचे कवच आता हलत नाही. परिणामी आतला भाग ओढलेल्या स्थितीत व बाहेरचा दाबलेल्या स्थितीत कायमचा अडकून पडतो. मणी दिसावयास सुंदर, परंतु त्याच्या पोटात ताण. काही मणी याच ताणाने त्या रात्रीच टचकन दुभंगतात. असे मणी दैवाने कारागिराच्या समोरच फुटतात. खरा धोका न फुटलेल्या मण्यांचा. ते माळेत ओवले जातात, विकले जातात, कोणाच्या तरी वाढदिवसाला दिले जातात. आणि दोन महिन्यांनी उन्हातून येऊन गार पाण्याने गळा धुताना किंवा माळ फरशीवर ठेवताना उकलतात. गिऱ्हाईक परत येऊन भांडत नाही. ते परत येतच नाही, आणि चार ओळखीच्यांना सांगते. एखाद्या लहान गटाचे नाव बुडावयास एवढे पुरते.

येथे एखादे शिक्षक विचारतील की मोटारीच्या खिडकीची काच तर मुद्दाम झटपट थंड करून अधिक मजबूत करतात. मग मण्याचे काय बिघडते? प्रश्न योग्य आहे. तेथे सपाट काचेच्या दोन्ही बाजूंवर हवेचे सारखे झोत सोडून ताण मोजूनमापून, सर्वत्र सारखा बसविलेला असतो. मण्याला मध्ये भोक, एका अंगाला नक्षीचा उंचवटा, दुसऱ्या अंगाला पातळ कड; त्यातील ताण वेडावाकडा असतो. आणि मोटारीची ती मजबूत काचसुद्धा एकदा फुटली की संपूर्ण भुगा होते, हे आपण रस्त्यावर पाहतोच.

यावर उपाय एकच. त्याला शास्त्रीय परिभाषेत अनुशीतन म्हणतात. आपण निवविणे म्हणू. कामाला आरंभ करण्यापूर्वीच विजेची लहान भट्टी तापवून ठेवावी. मण्याची लाली गेली, पण तो अजून कडक गरम आहे, अशा वेळी सळईसकट त्याला भट्टीत सरकवावे. सोडा-चुन्याच्या मऊ काचेसाठी भट्टी ५१० अंश सेल्सिअसच्या आसपास असावी. शेवटचा मणी आत गेल्यानंतर लहान मण्यांसाठी अर्धा ते एक तास तेच तापमान धरावे. मणी जाड असेल तर अधिक. या तापमानाला काच आकार सोडीत नाही, पण तिच्यातील ताण विरघळून जाण्याइतकी ती सैल असते. पुढे तासाला पन्नास-साठ अंशांच्या बेताने तापमान खाली आणावे, ३७० अंशांच्या खाली आल्यावर भट्टी बंद करावी आणि दार दुसऱ्या दिवशी सकाळी उघडावे. मध्यंतरी डोकावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा.

खेड्यात प्रश्न येतो विजेचा. निवविताना वीज गेली तर काय? उत्तर सोपे आहे, दार उघडू नये. उष्णतारोधक विटांची भट्टी बंद राहिली तर बऱ्याच सावकाश निवते आणि लहान मणी पुष्कळदा वाचतात. वीज परत आल्यावर भट्टी पुन्हा हळूहळू ५१० अंशांवर नेऊन सारा क्रम नव्याने करावा. काच कितीही वेळा निवविली तरी तिचे नुकसान होत नाही. त्यासाठी एक दिवस जातो, हे खरे. परंतु तो दिवस वाचवून संशयित मणी बाजारात पाठविणे महागात पडते. कित्येक ठिकाणी मणी गरम राखेत किंवा व्हर्मिक्युलाइटच्या भुकटीत खुपसून निववितात. त्याने मणी तात्काळ फुटण्याचे टळते, एवढाच त्याचा उपयोग. ते अनुशीतन नव्हे. राखेत निवविलेले मणी नंतर भट्टीत घालून पूर्ण क्रमाने निववावेत आणि मगच विकावेत.

ताणाचे दुसरे कारण म्हणजे न जुळणाऱ्या काचा एकत्र वितळविणे. तापली की प्रत्येक काच प्रसरण पावते, पण सारख्या प्रमाणात नव्हे. मण्यांसाठी मिळणारी इटालियन पद्धतीची मऊ काच एका अंशाला कोटी भागांत सुमारे १०४ भाग वाढते. प्रयोगशाळेतील चंबू ज्या बोरोसिलिकेट काचेचे असतात ती केवळ ३३ भाग. हे आकडे क्षुल्लक वाटतील. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर सोडवून पाहावे. दहा मिलिमीटर लांबीच्या मण्यात या दोन काचा जोडल्या आणि तो ५०० अंशांवरून खोलीच्या तापमानापर्यंत आला, तर दोहोंच्या आकसण्यात मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाचा फरक पडतो. केसाच्या जाडीहूनही कमी. पण काच रबरासारखी ताणत नाही आणि लोखंडासारखी वाकत नाही. त्या एवढ्याशा फरकाला तिच्याजवळ तडकण्यावाचून दुसरे उत्तर नाही. कितीही सावकाश निवविले तरी हा ताण जात नाही, कारण तो तापमानाच्या क्रमातून आलेला नसून काचेच्या जातीतून आलेला असतो.

यावरून टाकाऊ बाटल्यांचे मणी करू इच्छिणाऱ्यांनी बोध घ्यावा. कल्पना चांगली आहे आणि गोव्यात रिकाम्या बाटल्यांची वाण नाही. परंतु हिरव्या बाटलीवर पांढऱ्या बाटलीची नक्षी करण्यापूर्वी त्या दोन काचा जुळतात की नाही हे ताडून पाहणे अवश्य आहे. सुरक्षित मार्ग असा की एका मण्यात एकाच बाटलीची काच वापरावी. एकरंगी मणीसुद्धा घाटदार असेल तर खपतो.

ज्वालेवरच्या कामाखेरीज दुसरी पद्धत आहे ती काच भट्टीत सांधण्याची. रंगीत तावदानी काचेचे तुकडे कापून एकावर एक रचावयाचे आणि भट्टीत तापवून एकजीव करावयाचे. सुमारे ७५० अंशांच्या आसपास तुकडे एकमेकांना चिकटतात, पण त्यांचे उंचसखल रूप राहते. ८०० अंशांच्या आसपास ते पूर्ण मिसळून पृष्ठ गुळगुळीत होते. दोऱ्यासाठी वाट राहावी म्हणून दोन थरांमध्ये उष्णतारोधक कागदाची पट्टी किंवा लेप दिलेली तार ठेवतात. पूर्ण वितळलेली काच आपण होऊन साधारण सहा मिलिमीटर जाडीला स्थिरावते. थर पातळ रचला तर ती कडेने आत ओढली जाते, जाड रचला तर बाहेर पसरते. तेव्हा पदकाचा आकार आखताना हे लक्षात घ्यावे. जुळणाऱ्या काचांचा व निवविण्याचा नियम येथेही तोच. किंबहुना जाड पदकाला मण्यापेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो. या पद्धतीत ज्वाला नसल्याने भाजण्याचा धोका कमी, आणि एका भट्टीत अनेक जणींचे काम एकाच वेळी होऊ शकते. नव्या गटाने बर्नरऐवजी येथून आरंभ करणे शहाणपणाचे ठरेल.

सुरक्षिततेविषयी चार शब्द स्पष्टपणे सांगितलेच पाहिजेत. स्वयंपाकघरातील १४.२ किलोचा गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो आणि तो खोलीबाहेर, सावलीत, उभा ठेवावा. प्राणवायूच्या सिलिंडरच्या झडपेला तेल, ग्रीस किंवा खोबरेल लागलेला हातसुद्धा लावू नये. दाबाखालील प्राणवायूत तेल आपोआप पेट घेऊ शकते. केसांना तेल लावून तसेच कामाला बसण्याची सवय असलेल्या भगिनींना हे दोनदा सांगावे लागते. नळीत ज्वाला उलटी शिरू न देणारी झडप बसविल्यावाचून बर्नर पेटवू नये. अंगावर सुती कपडे असावेत, पदर खोचलेला, केस बांधलेले, हातातली काकणे काढलेली. नायलॉनच्या साडीवर तापलेली कपची पडली तर कापड वितळून कातडीला चिकटते.

डोळ्यांचा धोका दिसत नाही म्हणून तो अधिक. काचेतील सोडियममुळे ज्वालेत झगझगीत पिवळा झोत उठतो. त्यामुळे डोळे शिणतात आणि झोतामागचे कामही दिसेनासे होते. डिडिमियम काचेचा चष्मा हा पिवळा प्रकाश नेमका अडवतो. मऊ काचेसाठी तो पुरतो. बोरोसिलिकेटच्या प्रखर ज्वालेसाठी अधिक गडद संरक्षण लागते. साधा उन्हाचा काळा चष्मा या कामाला निरुपयोगी आहे. मणी सळईवरून काढल्यानंतर भोकातील लेप घासून काढावा लागतो, तो पाण्याखाली धरूनच काढावा; कोरडी भुकटी छातीत जाते आणि बाहेर येत नाही. त्याच कारणाने कामाच्या खोलीत झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. खोलीतील हवा बाहेर ओढणारा पंखा हवाच.

मुलांना हे काम पाहण्याची ओढ असते आणि घरचे काम म्हणून त्यांना जवळ बसविले जाते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक कामावर लावता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा आहे ती धोका नसलेल्या कामापुरती. माळेचा रंगमेळ मुलीने सुचवावा, सळई तिच्या हाती देऊ नये.

आता पैशाचा हिशेब. बारा मिलिमीटरच्या गोल मण्याला साधारण दोन ग्रॅमहून थोडी अधिक काच लागते. उरलेले तुकडे व फुकट गेलेले मणी धरूनही एक किलो कांड्यांतून सुमारे चारशे मणी व्हावयास हरकत नाही. समजा, एखादी भगिनी घरकाम सांभाळून रोज तीन तास बसली व दिवसाला वीस विकाऊ मणी झाले, तर तो किलो तिला वीस दिवस पुरेल. म्हणजे एका मण्यातील काचेचा खर्च अल्प आहे. मोठा खर्च आहे तिच्या वेळेचा, त्याखालोखाल गॅस, प्राणवायू व वीज यांचा. जी गोष्ट वेळेने महाग आहे ती किलोच्या भावाने विकावयाची नसते. साधे एकरंगी गोल मणी वाराणसीहून पाकिटांनी येतात आणि यंत्रावर दाबलेले त्याहून स्वस्त येतात. त्यांच्याशी स्पर्धा करण्याचा विचार गोव्यातील गटाने मनातही आणू नये. ते मणी विकत घ्यावेत, माळेत भरीला घालावेत, आणि आपले पाच-सात नक्षीचे मणी मध्ये बसवून पूर्ण दागिना विकावा.

दागिना कोण पूर्ण करतो आणि त्यावर नाव कोणाचे लागते, हा प्रश्न केवळ व्यापाराचा नाही. व्हेनिसच्या वैभवाच्या कथा सांगताना तेथील मणी ओवणाऱ्या बायकांचा उल्लेख फारसा होत नाही. लाकडी परडीत बारीक मण्यांची रास, हातात पंख्यासारख्या धरलेल्या अनेक लांब सुया, आणि दाराशी बसून दिवसभर ओवणे, असे त्यांचे जीवन होते. त्यांनी ओवलेल्या माळा समुद्रापार गेल्या, व्यापारी श्रीमंत झाले. ओवणारणींना मिळाली ती सरींच्या संख्येवर मोजलेली तुटपुंजी मजुरी. आपल्या गावातील गटाला दलाल मणी आणून देतो, ओवून घेतो आणि नगाप्रमाणे पैसे देतो, तेव्हा तेच चित्र येथे उभे राहते. नगावर ओवण्याचे काम वाईट आहे असे नाही, अडल्या वेळी ते उपयोगी पडते. परंतु सरकारी प्रशिक्षणाचा शेवट तेथे व्हावा, ही अपेक्षा नाही. अधिकाऱ्यांनीही प्रशिक्षितांची संख्या नोंदविताना त्यांच्यापैकी किती जणी स्वतःच्या नावाने माल विकतात, हे विचारावे.

या किनारी हवेत दागिना जोडताना आणखी एक पथ्य आहे. सुती व रेशमी दोरा घामाने व दमट हवेने कुजतो. त्याऐवजी पोलादी तारेचा, वरून नायलॉनचे आवरण असलेला धागा वापरावा, किंवा रेशमात ओवावयाचेच असेल तर दोन मण्यांमध्ये गाठ मारावी, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मणी सुटतो. चांदीच्या कड्या खाऱ्या वाऱ्याने लवकर काळ्या पडतात. माल बंद पिशवीत ठेवावा. स्वस्त मुलाम्याच्या कड्यांनी कित्येकींच्या मानेला पुरळ येते. अशी एक कडी चांगल्या माळेची किंमत घालविते. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरपासून असतो, तेव्हा पावसाळ्याचे चार महिने माल तयार करण्याचे. मात्र त्या दिवसांत वीज वारंवार जाते, हे ध्यानी घेऊन भट्टीचे काम आखावे.

साहाय्याविषयी विचारणा होईल म्हणून येथेच सांगणे बरे. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सोनार आहे, फुलांच्या माळा करणारा मालाकार आहे. काचमणी करणारा नाही. त्या योजनेच्या भरवशावर कोणी कर्ज काढून बसू नये. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र मिळते. हस्तकलांच्या मेळ्यांत व प्रशिक्षणात त्याचा उपयोग होतो, तेव्हा पात्र कारागिरांनी त्यासाठी अर्ज करावा. भट्टी एकटीने घेण्यापेक्षा दोन-तीन गटांनी मिळून घ्यावी आणि ती पंचायतीच्या किंवा शाळेच्या, पुरेशी वीज व योग्य अर्थिंग असलेल्या खोलीत ठेवावी. घरच्या साध्या प्लगवर ती चालवू नये.

शेवटी तपासणी. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. ध्रुवण करणारी दोन पारदर्शक पटले घ्यावीत. शाळेच्या प्रयोगशाळेत ती असतात किंवा अल्प खर्चात मिळतात. एक दिव्यासमोर धरून दुसरे त्यावर ठेवावे व प्रकाश नाहीसा होईतो फिरवावे. मग त्या दोहोंमध्ये पारदर्शक मणी धरावा. ताण नसलेला मणी अंधारातच राहतो. ताण असलेल्या मण्यात उजळ पट्टे व कधी रंग उमटतात. अपारदर्शक मण्याला ही परीक्षा लागू पडत नाही, म्हणून प्रत्येक घाणीत एक साधा, बिनरंगी मणी घालण्याची प्रथा ठेवावी. तो सर्वांच्या वतीने साक्ष देतो.

समोरच्या मेजावर बारा बिनरंगी मणी मांडलेले आहेत. डावीकडचे सहा भट्टीत निवविलेले आहेत, उजवीकडचे सहा नुसत्या राखेत. नुसत्या डोळ्यांनी दोहोंत फरक दिसत नाही. दिवा लावलेला आहे, पटले बाजूला ठेवली आहेत. प्रशिक्षणार्थींनी चार-चारच्या गटाने येऊन स्वतः पाहावे. उजवीकडचे मणी हाताळताना मात्र खाली रुमाल धरावा.